शेजाऱ्यांच्या बंद घरात मांजर अडकलं तर?

मागच्या दिवाळीत आमची चिंगी समोरच्या कुलूपबंद फ्लॅटमध्ये एकोणपन्नास तास अडकली होती. आत्ता ती माझ्या पायाशी पाय पसरून झोपली आहे, तेव्हा शेवटाची काळजी करू नका. पण त्या एकोणपन्नास तासांतले निदान चाळीस तास माझ्या चुकीमुळे वाया गेले. कोणत्या चुका, त्या का झाल्या आणि तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, ते आजच्या भागात सांगते.

आम्ही बडोद्याला राहतो. तिसरा मजला, मजल्यावर दोनच घरं, दारासमोर दार. समोर गुजराती कुटुंब आहे: बा, त्यांचा मुलगा, भाभी आणि दोन मुलं. आपला पाडवा तो त्यांचा बेस्तु वरस, म्हणजे नवीन वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी सकाळी एकमेकांकडे जाऊन ‘साल मुबारक’ करायचं, आणि मग बरीच घरं कुलूप लावून गावी निघतात. दुकानंही थेट लाभपाचमेला उघडतात. आमचे शेजारी सकाळी दहाच्या सुमाराला अमरेलीकडे निघाले. दोन्ही दारं सताड उघडी होती, बॅगा खाली जात होत्या, मुलं मिठाईच्या डब्यांची देवाणघेवाण करत होती. तेवढ्यात खाली कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

दुपारी दीड वाजता जेवायच्या वेळी चिंगी आली नाही, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

पहिली चूक तिथेच झाली. आम्ही जिने उतरून थेट रस्त्यावर धावलो. गल्ल्या, पार्क केलेल्या गाड्यांखाली, मागची नाल्याची बाजू, कचऱ्याचे डबे, सगळं पाहिलं. मुलीने चिंगीचा फोटो घालून कागद छापले आणि दोन चौकांपर्यंत चिकटवले. दीड दिवस आम्ही घरापासून लांब लांब जात राहिलो आणि मांजर होतं आमच्या दारापासून सहा पावलांवर.

घरातलं मांजर हरवलं की माणूस पहिल्यांदा रस्ता शोधतो, कारण आपण हरवलो तर आपण चालत सुटू. मांजर तसं करत नाही. ते शिकारी आहे, पण आकाराने लहान असल्यामुळे दुसऱ्याची शिकारही आहे. ओळखीचा प्रदेश सुटला आणि भीती वाटली, की त्याचा पहिला उपाय म्हणजे जवळात जवळची अंधारी, अरुंद जागा गाठणं आणि गप्प बसणं. हरवलेली मांजरं कुठे सापडतात यावर २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाराशेहून जास्त मांजरांची माहिती होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत मिळाली होती. आणि पत्रकं लावून वाट बघण्यापेक्षा स्वतः कानाकोपरा शोधण्याचा उपयोग जास्त झाला होता. पाचशे मीटर म्हणजे आपल्याकडे एखादी सोसायटी आणि तिच्या आजूबाजूच्या दोन गल्ल्या.

दुसरी गोष्ट आवाजाची. आपण समजतो की अडकलेलं मांजर ओरडेलच. पण परक्या वासाच्या घरात, बाहेर फटाके वाजत असताना ओरडणं म्हणजे आपला पत्ता शत्रूला देणं. त्यामुळे बरीच मांजरं पहिला दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ, मालकाच्या हाकेलाही उत्तर देत नाहीत. आपण दारासमोर उभं राहून जोरात हाका मारतो, उत्तर येत नाही आणि आपण ‘इथे नाही’ असं ठरवून पुढे जातो. मी नेमकं तेच केलं. पहिल्या दिवशी समोरच्या दाराशी उभी राहून दोन हाका मारल्या आणि वळले.

खरं सांगायचं तर वळण्याचं आणखी एक कारण होतं. गणपतीच्या दिवसांत आमच्या दोन घरांत थोडं वाजलं होतं. चिंगीने त्यांच्या दाराबाहेरच्या पायपुसण्यावर घाण केली होती. बा बोलल्या, मीही बोलले. नंतर मिठाई दिली-घेतली, पण मनात अढी होती. आता त्यांच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, ते प्रवासात असताना फोन करून सांगायचं, की ‘आमचं मांजर तुमच्या घरात असेल, परत या’? मला ते जमेना. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, ती गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. इथे घंटा म्हणजे एक फोन होता आणि तो मी टाळत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला जरा सुचलं. सोसायटीच्या वॉचमनकडे बसून आम्ही फाटकाच्या आणि जिन्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंतचं, पुढे-मागे करत. खालच्या जिन्यावर चिंगी कुठेच दिसली नाही. म्हणजे ती खाली उतरलीच नव्हती. मग आम्ही एक यादी केली: दहा ते दीडच्या दरम्यान या इमारतीत कोणकोणतं दार उघडलं होतं? गच्चीचं दार, लिफ्टची मशिनरूम, मीटरची खोली आणि समोरच्यांचं घर. पहिल्या तिन्ही जागा टॉर्च घेऊन तपासल्या. उरलं एकच.

त्या रात्री तीन वाजता मी बाथरूमची खिडकी उघडून डक्टमध्ये कान दिला. आमच्या आणि त्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. फटाके थांबले होते, पाण्याची मोटर बंद होती. मी जेवायला बोलावते त्या हलक्या आवाजात एकदाच हाक मारली आणि गप्प राहिले. मिनिटभर काही नाही. परत एक हाक, परत शांतता. तिसऱ्या वेळी पलीकडच्या काचेच्या पट्ट्यांमागून बारीक आवाज आला. बसलेला, चिरका, पण तिचाच.

ही पद्धत लक्षात ठेवा. रात्री दोन ते चारची वेळ निवडा. टीव्ही, पंखा, एसी बंद करा. रोजच्याच शब्दात, रोजच्याच आवाजात हाक मारा आणि प्रत्येक हाकेनंतर पूर्ण मिनिटभर श्वास रोखल्यासारखे गप्प राहा. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला साठ हजारांच्याही वर. हाक त्याच्यापर्यंत पोचतेच. उत्तर आपल्यापर्यंत पोचायला शांतता लागते. फक्त मुख्य दाराशी थांबू नका. डक्ट, बाल्कनी, स्वयंपाकघराच्या खिडकीखालची बाजू, सगळीकडे कान द्या. खिडकीतून आत दिसत असेल तर टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून फिरवा. मांजराच्या डोळ्यांतला मागचा पडदा प्रकाश परत फेकतो, त्यामुळे अंधारात दोन हिरवट ठिपके चमकतात.

आता प्रश्न असा, की वेळ किती असतो? शेजारी परतणार होते लाभपाचमेनंतर, म्हणजे सहाव्या दिवशी. ‘मांजराला सात जन्म असतात, राहील की’ असंही आम्हाला एकाने सांगितलं. त्यात थोडं तथ्य आहे आणि तेच फसवं आहे.

तथ्य असं, की मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यांची मूत्रपिंडं लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवतात. त्यामुळे पाण्याविना मांजर आपल्या अंदाजापेक्षा जास्त तग धरतं. पण त्या पूर्वजांना भक्ष्याच्या मांसातून पाणी मिळायचं. बंद घरात तेही नाही. आणि आपली माणसं गावी निघताना काय करतात ते आठवा: बादल्या पालथ्या घालतात, कमोडचं झाकण लावतात, नळ घट्ट करतात. दिवाळीची साफसफाई झालेल्या घरात मांजराला चाटायला थेंब मिळत नाही.

अन्नाचं गणित त्याहून कडक आहे. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याचं शरीर सतत प्रथिनांवर चालतं. उपास घडला की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते, पण मांजराचं यकृत एवढी चरबी एकदम हाताळू शकत नाही. ती यकृताच्या पेशींतच साचते आणि यकृत काम करेनासं होतं. काही दिवसांच्या उपासातही हे सुरू होऊ शकतं. आणि उलटी गोष्ट अशी, की धोका जास्त असतो तो गुबगुबीत मांजराला. आमची चिंगी सहा वर्षांची, घरातल्या घरात बसून चांगली गरगरीत झालेली. ‘अंगावर मांस आहे, निभावेल’ असं वाटणं साहजिक आहे, पण मांजराच्या बाबतीत ते चुकीचं आहे.

शिवाय बंद घर रिकामं असलं तरी निरुपद्रवी नसतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं. त्यातले घटक मोडून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी आहे. उंदरांसाठी ठेवलेलं औषध असतं. अर्धं भरलेलं पाण्याचं पिंप असतं, त्यात तहानेने वाकलेलं मांजर पडलं तर गुळगुळीत कडेवरून वर येऊ शकत नाही. आमच्या गुजरातेत तर घरोघरी पतंगाच्या फिरक्या. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे दोरा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आतच जात राहतो आणि आतडी कापू शकतो. म्हणून मांजर आत आहे हे कळल्यावर ‘आणखी एक दिवस पाहू’ म्हणायचं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी माझा नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा होता. डक्टमधून काचेच्या पट्ट्या काढू, नाहीतर कुलूप तोडू. मी दोन्ही गोष्टींना नाही म्हटलं. पहिलं कारण, तिसऱ्या मजल्यावरच्या डक्टमध्ये पाइपांवर पाय देऊन उतरणं म्हणजे मांजरासाठी माणूस गमावण्याची तयारी. दुसरं कारण कायद्याचं, आणि ते नीट समजून घेऊ.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३२९ मध्ये दुसऱ्याच्या घरात बेकायदा शिरण्याचा गुन्हा सांगितला आहे. त्यात हेतू महत्त्वाचा: गुन्हा करणं, धमकावणं, अपमान करणं किंवा त्रास देणं. मांजर वाचवण्यासाठी शिरलेल्या माणसाचा हेतू तसा नसतो, हे खरं. पण ते तुम्हाला नंतर सिद्ध करत बसावं लागतं. आणि उद्या शेजाऱ्याने कपाटातली अंगठी मिळत नाही असं म्हटलं, तर तुमच्याकडे उत्तर काय? म्हणून मालकाच्या परवानगीशिवाय कुलपाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या बाजूनेही कायदा आहे. राज्यघटनेच्या कलम ५१ अ मध्ये सजीवांबद्दल दयाभाव बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड ऐकून हसू येईल: दहा ते पन्नास रुपये. मुद्दाम प्राण्याचा जीव घेणं किंवा त्याला जायबंदी करणं मात्र न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं आणि तिथे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नकळत दार लावून गेलेला शेजारी यात कुठेच बसत नाही, हे लक्षात घ्या. त्याला कायद्याची कलमं ऐकवून फोन सुरू केलात तर पुढचं दार आणखी घट्ट बंद होईल.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मालकाला फोन. लागत नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडून नातेवाइकांचा नंबर. घर भाड्याचं असेल तर घरमालक आणि भाडेकरू, दोघांनाही विचारा. परवानगी तोंडी मिळाली तरी ती मेसेजवर लिहून मागा. दार उघडताना सेक्रेटरी किंवा दुसरे शेजारी हजर ठेवा आणि पहिल्या क्षणापासून व्हिडिओ सुरू ठेवा, शक्य असेल तर मालकाला व्हिडिओ कॉलवर घ्या. कोणाचाच पत्ता लागत नसेल तर ११२ वर पोलिसांना कळवा आणि त्यांच्या समोरच पुढचं काय ते करा. उंचावरून काढायचं असेल तर अग्निशमन दल, १०१. गुजरातसह अनेक राज्यांत प्राण्यांच्या वैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा नंबर आहे.

माझ्याकडे बांच्या मुलाचा नंबरच नव्हता. नऊ वर्षं दारासमोर दार, आणि माझ्या फोनमध्ये फक्त ‘३०२ समोर’ नावाचा एक जुना, बंद पडलेला नंबर. सेक्रेटरींना उठवून नवा नंबर घेतला आणि सहा वाजेपर्यंत कशीबशी वाट पाहिली.

तोवर एक काम केलं. त्यांच्या जाळीच्या दारातून हात आत जातो, आणि आतल्या लाकडी दाराखाली बोटभर फट आहे. धुतलेल्या जुन्या सुती साडीची पट्टी पाण्यात भिजवून मी त्या फटीतून आत सरकवली, बाहेरचं टोक पाण्याच्या वाटीत ठेवलं. कापड पाणी ओढत राहतं आणि मांजर ते चाटू शकतं. पाऊण तासाने पट्टी आतून किंचित ओढली गेली. मी तिथेच जिन्यात बसून रडले. तुम्हीही हे करू शकता. फट मोठी असेल तर पातळ पुठ्ठ्यावर थोडं ओलं खाणं सरकवा. दूध मात्र नको: बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

सहाला फोन लावला. भाभींनी उचलला आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बांकडे दिला. मी माफीपासून सुरुवात केली. बांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, “पहेलां फोन केम न कर्यो?” आधी फोन का नाही केलास? पुढे म्हणाल्या, की जास्तीची किल्ली अहमदाबादला भाच्याकडे आहे, त्याला आत्ता उठवते.

भाचा शंभरेक किलोमीटर गाडी चालवत अकराच्या आत आला. सणाच्या दिवशी, झोप मोडून, ज्या मांजराला त्याने कधी पाहिलंही नव्हतं त्याच्यासाठी. सेक्रेटरी उभे होते, बा व्हिडिओ कॉलवर होत्या. दार उघडलं आणि चिंगी आलीच नाही. हेही नेहमीचं आहे. घाबरलेलं मांजर दाराच्या आवाजाने आणखी आत जातं. अशा वेळी सगळ्यांनी आत घुसायचं नाही. मुख्य दार लावून घ्यायचं, एकानेच जमिनीवर बसायचं, तिच्या अंथरुणाचा तुकडा आणि थोडं खाणं जवळ ठेवायचं. ओढून काढायचं नाही. ती फ्रिजमागे होती. यायला चाळीस मिनिटं घेतली.

डॉक्टरांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर जायला वेळ लागत होता, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. कातडीखाली सलाईन दिलं आणि पहिले दोन दिवस थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला घालायला सांगितलं. उपाशी मांजरापुढे भरलेली थाळी ठेवू नका. एकदम खाल्ल्याने रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडू शकतो. पुढचा आठवडा कानाची आतली बाजू आणि हिरड्या रोज बघा. पिवळेपणा दिसला, लाळ गळली, उलट्या झाल्या किंवा खाणं सोडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण यकृताचा त्रास नंतरही डोकं वर काढतो. मांजर घरी आल्यावर चोवीस तासांत खाल्लं नाही तरी थांबू नका.

समोरच्या घरात चिंगीने गादीवर लघवी केली होती आणि पडद्याची एक बाजू नखांनी फाडली होती. मी फोटो काढून बांना स्वतःहून पाठवले, गादी धुवून घेतली, पडदा नवा शिवून दिला. नुकसान आपल्या प्राण्याने केलं की ते आधी आपणच सांगायचं आणि आपणच भरायचं. पुढच्या वेळी कुणाच्या तरी मांजरासाठी दार उघडेल ते यामुळेच.

आता आमच्या दोन घरांत एक रीत झाली आहे. कोणीही गावी निघालं की आधी समोरची बेल वाजवायची. मी चिंगीला डोळ्यांनी पाहते, ‘आहे’ म्हणते, मगच त्यांचं कुलूप लागतं. त्यांची एक किल्ली आमच्या देवघराच्या खणात आहे, आमची त्यांच्याकडे. चिंगीच्या गळ्यात सैल, ओढ बसली की सुटणारा पट्टा आहे, त्यावर माझा नंबर आणि एक छोटी घुंगरी.

तुम्ही हा भाग इंदूरला वाचत असाल, बेळगावला, हैदराबादला किंवा दिल्लीत. वाचून झालं की फोन उघडा आणि समोरच्या दारातल्या माणसाचा नंबर आहे का, चालू आहे का, ते बघा. नसेल तर आजच बेल वाजवा. साखर मागायला गेलात तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात.